चावडीपुढचा दुसरा गिअर

गाडी घेतली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. या वयात आमच्याकडे माणूस केजला प्लॉट घेतो, नाहीतर गुडघ्याचा एक्स-रे काढून आणतो. मी दोन सिलेंडरची, तीनशे सीसीची, पुढे वाकून चालवायची स्पोर्ट्स मोटारसायकल घेतली. तीही जुनी. पुण्यातल्या एका इंजिनिअरचं लग्न ठरलं होतं, सासरच्यांनी त्याची गाडी पाहिली आणि गाडी हवी की मुलगी ते ठरव म्हणून सांगितलं, म्हणून ती माझ्या आवाक्यात आली. मी केजच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. स्टाफरूमला महिनाभर दुसरा विषय नव्हता. सर, आता हेल्मेट घालूनच तास घेणार का, असं एकानं विचारलं. मी हसलो नाही, त्यामुळे तो विनोद आणखी आठवडाभर चालला.

गाडी का घेतली याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. हवी होती. लोकांना सांगायची कारणं मी नंतर तयार केली, आणि त्यातली बरीचशी बायकोनं पहिल्याच दिवशी निकालात काढली.

आमचं गाव युसूफ वडगावच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून किलोमीटरभर आत. आमची वस्ती गावाच्या पार पलीकडच्या टोकाला. पस्तीस-चाळीस घरं, एक छोटं विहार, समोर निळा झेंडा. वस्तीतून फाट्यावर जायला डांबरी रस्ता एकच, आणि तो चावडीपुढून जातो. चावडी आता नावालाच चावडी आहे. तलाठी नव्या इमारतीत बसतो, तोही आला तर. राहिलाय तो दगडी कट्टा, वर पत्रा, शेजारी कडुलिंबाचं झाड. समोर गावातल्या जुन्या जमीनदार घराचा दरवाजा. त्या घरातली माणसं आणि त्यांच्याभोवतीची आणखी चार-सहा सकाळ-संध्याकाळ कट्ट्यावर असतात. सगळा मिळून चाळीस-पन्नास पावलांचा तुकडा.

माझ्या आजोबांकडे सायकल होती. चावडी आली की ते उतरायचे, सायकल हातात धरून चालत जायचे आणि लिंब मागे पडला की परत टांग मारायचे. तेव्हाची रीतच तशी होती; आमच्यातल्या कोणी कट्ट्यापुढून बसून जायचं नाही. हे मला कोणी समोर बसवून सांगितलेलं नाही. कोणाच्या तरी बोलण्यात सहज येऊन जायचं, अमक्या विहिरीला कधी पाणी लागलं ते जसं येतं तसं. ती रीत कोणी मोडली, कधी मोडली, हेही नक्की कोणी सांगत नाही. आता वस्तीत घरटी एक मोटारसायकल आहे, दोन चारचाकी आहेत, आणि सगळे कट्ट्यापुढून बसूनच जातात. कोणी कोणाला अडवत नाही.

एकच माणूस अजून तिथून बसून जात नव्हता. ते माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणतो.

दादा तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. नोकरीची शेवटची काही वर्षं तर आमच्याच गावची फेरी त्यांच्याकडे होती. खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं, आणि फाट्यापासून हॉर्न वाजवत बस चावडीपर्यंत आणायची, कट्ट्याला वळसा घालायचा, परत फाट्यावर. कट्ट्यावरची माणसं हात करायची. दादा थांबले तर त्यांना बस मिळायची. तेव्हा तुम्ही बसून जायचात की, असं मी एकदा त्यांना म्हणालो होतो. ती सरकारची सीट होती, एवढंच ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

माझ्या गाडीवर मात्र ते फाट्यावरच बसायचे. घरून चालत निघायचे, मी मागून येऊन त्यांना तिथं घ्यायचो. जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर बारा वर्षं हेच चाललं. चालल्यानं अन्न जिरतं, असं कारण होतं, आणि तेव्हा ते चालूनही जाई. आता त्यांनी सत्तरी गाठलीय. साखर आहे, तळपायाची आग होते, दुपारी ओट्यावरून उठतानाही खांबाला धरतात. पण केजला जायचं झालं की अजून काठी घेऊन किलोमीटरभर चालत निघायचे, आणि मला अर्ध्या तासानंतर यायला सांगायचे.

मला त्यांनी घरापासून माझ्या मागे बसायला हवं होतं, आणि चावडीपुढून बसून जायला हवं होतं. याला कोणी हट्ट म्हणेल. हट्टच होता. मी फिजिक्सचा माणूस, रीतीभातीवर मी सहसा बोलत नाही, पण माझा बाप सत्तराव्या वर्षी काठी टेकत त्या कट्ट्यापुढून चालत जातो आणि मी मागून रिकाम्या सीटची गाडी घेऊन जातो, याची मला लाज वाटायची. कोणाची लाज, ते मी कधी नीट तपासलं नाही.

दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाईलवरही होतो. दादांचा मोबाईलवर विश्वास नाही; जिवंत आहे की नाही ते साहेबानं माझ्याकडे बघून सांगावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दरवर्षी केजच्या बँकेत जायचं. गाडी घेतली ती जूनच्या शेवटी. यंदा नोव्हेंबरात घरून बसायचं, असं मी त्यांना सांगून टाकलं.

दादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "ही हळू चालत न्हाई. कट्ट्यापुढून फाडत जाशील अन् लोक म्हणतील, मस्ती आली. हळू चालव, मग बसतो."

त्यांच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. गाडी हळू चालतच नव्हती. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या वर ती अशी सुटायची की मान मागे फेकली जायची. तीन हजारांच्या खाली तिला जीवच नव्हता. तिची रचनाच तशी. दोन पिस्टन, एक वर असला की दुसरा खाली. एकात ठिणगी पडली की अर्ध्या फेऱ्यात दुसऱ्यात पडते, आणि मग दीड फेरा दोन्हीकडे सामसूम. जोरात फिरताना ही सामसूम कळत नाही. हळू फिरताना मात्र दोन ठोके, मग रिकामं, दोन ठोके, मग रिकामं, आणि त्या रिकाम्यात साखळी ढिली पडून पुढच्या ठोक्याला हिसका बसतो. हे सगळं मी वर्गात फळ्यावर काढून दाखवू शकलो असतो. त्यानं गाडी सुधारली नसती.

त्यात त्या पुण्याच्या गृहस्थानं कंपनीचा सायलेन्सर काढून आवाज करणारा बसवला होता. म्हणजे चावडीपुढून जाताना माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. जोरात जावं तर सगळा गाव मान वळवायचा. हळू जावं तर गाडी हिसके देत, ठसकत, कधी बंदच पडायची. दादा रोज सकाळी ओट्यावरून बजावायचे, कट्ट्यापाशी हळू जा. त्यांच्यासाठी म्हणून मी हळू जायचो. पहिल्या पंधरवड्यात ती दोनदा बरोबर कट्ट्यापुढेच बंद पडली. दुसऱ्या वेळी तिथं बसलेल्या एकानं, धक्का देऊ का सर, असं विचारलं. त्याच्या विचारण्यात वाकडं काही नव्हतं. तरी त्या दिवशी मी वर्गात दोघांना विनाकारण बाहेर काढलं.

कट्ट्यावर माझा एक वर्गमित्रही असतो. जमीनदार घरातलाच, दहावीपर्यंत माझ्याच बाकावर होता, माझ्या वहीतली गणितं उतरवून पास झाला आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगतो. आता पंचायत समितीची तयारी चालू आहे, पांढरे कपडे वगैरे. त्याला गाडी फार आवडली. ॲव्हरेज किती, टायर केवढ्याला, असं सगळं विचारून झाल्यावर एक चक्करही मारून आला. माझी तक्रार त्याच्याबद्दल नव्हतीच. त्याचे वडील मात्र कट्ट्यावर पेपर वाचत असायचे आणि मी गेलो की पेपर खाली करून बघायचे. दादांच्याच वयाचे ते. नुसतं बघायचे, पण मला त्याचाही राग यायचा.

जुलैत मी गाडी केजच्या एका मिस्त्रीकडे नेली. याचा हात एका सिलेंडरच्या जुन्या गाड्यांवर बसलेला. दोन सिलेंडरची त्याच्याकडे आलेली ही दुसरीच. मी काय होतं ते सांगायला लागलो तर त्यानं मला थांबवलं, मी मागे बसतो म्हणाला आणि गाडी मलाच चालवायला लावली. धारूर रस्त्यावर दोन किलोमीटर गेलो आणि परत आलो. उतरल्यावर त्यानं माझ्या वडिलांचा धंदा विचारला. मी सांगितला. तो हसला.

"वाटलंच. तुमी हिला बससारखी चालवता, सर. पंचवीसच्या स्पीडला चौथा टाकता. डिझेलचं इंजिन ओढतंय तिथून. हिला तिथं दमच न्हाई."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. आमच्या घरात गाडी चालवायची एकच रीत होती आणि ती डेपोतून आली होती. इंजिन ओरडता कामा नये. गाडी हलली की वरचा गिअर, आणखी हलली की आणखी वरचा, आणि मग पाय अलगद ठेवायचा. दादांना त्यावरच डिझेल वाचवल्याचं बक्षीस मिळालेलं होतं, एक भिंतीवरचं घड्याळ. मी शंभर सीसीच्या गाडीवर बारा वर्षं तेच केलं आणि ती गरीब गाडी निमूट चालली. ही चालली नाही. दोष तिला देऊन मी मोकळा झालो होतो.

तेव्हा पहिली दुरुस्ती माझी झाली. वीसच्या खाली दुसरा, अगदी माणसाच्या चालीनं जायचं तर पहिला, आणि इंजिनाला जरा बोलू द्यायचं. बोलणं आणि ओरडणं यात फरक आहे, हे मला चाळिशीनंतर एका मिस्त्रीकडून कळलं.

मग त्यानं गाडीला हात घातला. आवाजाचा सायलेन्सर काढा, हे त्याचं पहिलं म्हणणं. असा सायलेन्सर वरच्या फेऱ्यांना थोडं देतो आणि खालच्या फेऱ्यांचं सगळं काढून घेतो. मी पुण्याला फोन केला. कंपनीचा सायलेन्सर त्या इंजिनिअरच्या घरी माळ्यावर पडलेला होता. त्यानं तो ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवून दिला आणि फोनवर दोनदा विचारलं, आवाज चांगला येतो ना तिचा. मी हो म्हणालो. त्याचं लग्न झालं होतं, उगाच कशाला दुखवा.

हवेचा फिल्टरही त्यानं साधाच बसवला. साखळी माणूस बसवून ताणली, कारण रिकाम्या गाडीवर ताणलेली साखळी माणूस बसला की वेगळीच होते. ॲक्सिलरेटरच्या केबलला बोटभर ढिलाई होती, ती जवळजवळ संपवली; मूठ किंचित हलली की इंजिनाला कळायला हवं, नाहीतर कळतं तेव्हा एकदम कळतं आणि हिसका बसतो. नुसती उभी असताना गाडी तेराशेवर फिरायची, ती पंधराशेवर आणली. साखळीचं पुढचं दातेरी चक्र चौदा दातांचं होतं, ते तेराचं टाकलं. एका दातानं काय होतंय, असं मला वाटलं होतं. पहिला गिअर जणू अर्ध्या गिअरनं खाली आला.

एवढं करूनही काहीतरी राहिलं होतं. गाडी आता बंद पडत नव्हती, पण दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालताना अंगात कसर आल्यासारखी थरथरायची. ऑगस्टमधल्या एका रविवारी मी ती ओट्यापुढे चालू ठेवून उभा होतो. दादा आतून आले, चहाचा कप हातात, आणि कान देऊन उभे राहिले. डोळे मिटले. चहा निवला तरी तसेच.

"एक सिलेंडर मागं राहायलंय," ते म्हणाले. "एक ओढतंय अन् दुसरं नुसतं संग चालतंय."

मी सोमवारी मिस्त्रीला ते सांगितलं. त्यानं दवाखान्यातून सलाइनची नवी नळी आणायला लावली. नळी एका फळीवर इंग्रजी यूच्या आकारात ठोकली, मध्ये थोडं ऑइल भरलं आणि दोन्ही तोंडं दोन सिलेंडरांच्या हवेच्या वाटांना जोडली. गाडी चालू केल्याबरोबर ऑइल एका बाजूला वर चढलं. ज्या बाजूचं सिलेंडर जास्त ओढतं, तिकडे ऑइल सरकतं. मग तो बारीक पेचकस घेऊन एक स्क्रू केसाएवढा फिरवायचा, थांबायचा, परत फिरवायचा. अर्धा तास गेला. शेवटी ऑइल दोन्हीकडे सारखं उभं राहिलं, आणि इंजिनाचा आवाज एकदम गोळा झाला. बाजूच्या टपरीवरचा माणूसही वळून बघायला लागला. मी कॉलेजात यू नळीचा प्रयोग सतरा वर्षं शिकवतोय, त्याचा असा उपयोग मी पहिल्यांदा पाहिला, आणि माझ्या वडिलांनी तो आजार नळीशिवाय ओळखला होता. मला फार बरं वाटलं. मी घरी येताना पावशेर पेढे घेऊन आलो.

उरली ती माझी सवय. रविवारी सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं दोन रेघा ओढायच्या आणि त्यांच्यामध्ये जितकं हळू जाता येईल तितकं जायचं. क्लच दोन बोटांत, अर्धा सुटलेला. मूठ थोडी दिलेली, ती हलवायचीच नाही. वेग कमी करायचा तो मागच्या ब्रेकवर पायाचं नुसतं वजन ठेवून. त्यामुळे साखळी सतत ताणलेली राहते आणि ते रिकामे दीड फेरे कळत नाहीत. नजर चाकाकडे न ठेवता लांब ठेवायची. सुरुवातीला पाय सारखे टेकायचे. ऑक्टोबर येईपर्यंत मी ते सगळं मैदान पाय न टेकता इतकं सावकाश पार करायला लागलो की शेजारून चालणारा माणूस पुढे जाईल. दादा शाळेच्या पायरीवर बसून बघायचे. मधेच हात वर करून थांबवायचे, मूठ हलली तुझी, असं सांगायचे. हलली असायचीच.

एकदा त्यांना मागे बसवूनही मैदानावर फेरी मारली. मागची सीट बुटक्या माणसाच्या खांद्याला येईल एवढी उंच. मी तिच्यावर फोमची गादी शिवून घेतली होती. पायरीवरून ते अलगद तिच्यावर आले, माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि तीन फेऱ्या बसले. उतरल्यावर गाडीच्या टाकीवर थाप मारली. आता यांच्याकडे कारण उरलं नाही, असं मी घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बघू.

नोव्हेंबर आला. वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला गेली होती, कुलपं लागली होती. त्या दिवशी सकाळी दहाला दादा तयार होऊन ओट्यावर उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, खिशात पेन्शनचं पुस्तक, आधार कार्ड. काठी घेतली नव्हती. मी गाडी ओट्याला लावली आणि ते काहीही न सांगता माझ्या मागे बसले. मला वाटलेला आनंद मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही, कारण आई दारात होती आणि तिनं लगेच काहीतरी ओवाळायला काढलं असतं.

वस्ती संपली. मी दुसरा टाकला. गाडी इतकी मऊ चालली होती की रस्त्यावरची कोंबडीदेखील घाईनं बाजूला झाली नाही. कट्टा दिसायला लागला. वर्गमित्र, त्याचे वडील पेपर घेऊन, आणखी तिघं-चौघं. मी पहिला टाकला, मागच्या ब्रेकवर पाय ठेवला, मूठ धरली. दादांना हिसका लागू द्यायचा नव्हता, आवाज होऊ द्यायचा नव्हता, आणि जितका वेळ त्या कट्ट्यापुढे लागेल तितका लागू द्यायचा होता. सगळ्यांनी नीट बघावं असं मला वाटत होतं.

कट्ट्याच्या अलीकडे दहा पावलांवर दादांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. एकच. मला वाटलं पायजमा साखळीत गेला. मी गाडी थांबवली. ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन, एक पाय मग दुसरा, सावकाश उतरले, टोपी सारखी केली आणि चालायला लागले.

काय करावं मला कळेना. गाडी तशीच सोडून त्यांना हाताला धरून आणावं असं एक वाटलं. जोरात निघून जावं असंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. क्लच अर्धा सोडला आणि त्यांच्या शेजारून, त्यांच्या चालीनं गाडी चालवू लागलो. त्यांची चाल आता फार हळू झालीय. डावा पाय टेकताना थोडे थांबतात.

वर्गमित्रानं कट्ट्यावरून विचारलं, काका, उतरलात कावून, बसा की गाडीवर. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. दादा हसून म्हणाले, पायात मुंग्या आल्या जरा. त्याच्या वडिलांना मात्र कळलं. त्यांनी पेपर वर केला तो आम्ही पार होईपर्यंत खाली घेतला नाही.

ती चाळीस-पन्नास पावलं गाडी एकदाही ठसकली नाही. हिसका नाही, थरथर नाही, माझा पाय जमिनीला लागला नाही. शाळेच्या मैदानावरसुद्धा ती इतकी चांगली कधी चालली नव्हती.

लिंबाच्या पुढे शाळेची पायरी आहे. तिथं दादा थांबले. मी गाडी बंद केली. मला राग आला होता आणि तो कोणावर काढायचा हे ठरत नव्हतं, म्हणून मी गाडीबद्दलच विचारलं. हिसका बसत होता का?

"न्हाई. लई मऊ चालली," ते म्हणाले. "गाडीचं काय न्हाई त्यात. तिथं आलं की मलाच बसवत न्हाई."

"तुम्ही तर म्हणाला होतात, हळू चालव, मग बसतो. पाच महिने मी दुसरं काय केलं? तुमच्यासाठी रोज इथून जीव मुठीत धरून हळू जातो."

दादा पायरीवर चढले, गाडीच्या सीटवर हात ठेवला, पण बसले नाहीत. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मूठ हलली तुझी म्हणताना असायचा तसाच आवाज होता.

"माझ्यासाठी न्हाई, बाळा. मी ओट्यावर बसून रोज ऐकतो. कट्ट्यापाशी गेलास की तुझ्या गाडीचा आवाज खाली येतो. मी सांगायला तर औंदा लागलो. तुझी जुनी गाडी होती तवापास्नं येतो."

ते मागे बसले, खांद्यांवर हात ठेवले. मी गाडी चालू केली आणि आम्ही फाट्याकडे निघालो. रस्त्यानं मी सारखं आठवून पाहत होतो. जुनी गाडी तर हळू, जोरात, कशीही चालायची. तिचा आवाजही कोणाच्या कानाला टोचावा असा नव्हता. रोज सकाळी कॉलेजला उशीर झालेला असायचा, रस्ता मोकळा असायचा, आणि तरी तिथं आलं की माझा पाय ब्रेकवर जायचा. बारा वर्षं. चावडीपुढे गतिरोधक नाही.